आग्वादचा दीपस्तंभ आणि क्षितिजाचे गणित

'दीपस्तंभ' हा शब्द आपण वापरून वापरून पार झिजवून टाकला आहे. निरोपसमारंभातील भाषण असो, पुण्यतिथीचा लेख असो की परीक्षेतील निबंध असो, कोणी ना कोणी थोर पुरुष 'समाजाचा दीपस्तंभ' झाल्यावाचून राहत नाही. परंतु खरा दीपस्तंभ कोठे उभारतात, त्याची उंची कशी ठरते, त्याचा उजेड किती दूरवर पोहोचतो आणि पुढे का पोहोचत नाही, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. यंदाच्या सहलीसाठी आम्ही आग्वादची टेकडी निवडली ती याच कारणाने. वरून दिसणारा देखावा पाहावयाचा होताच; पण देखावा म्हणजे नेमके किती, हे मोजूनही पाहावे असे ठरले. त्या मोजणीत जे हाती लागले ते येथे मांडीत आहो.

गोव्याबाहेरील वाचकांसाठी प्रथम जागा सांगितली पाहिजे. मांडवी नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर, म्हणजे बारदेशच्या बाजूस, एक लांबट टेकडी समुद्रात घुसलेली आहे. तिच्या माथ्यावर आणि पायथ्याशी मिळून आग्वादचा किल्ला आहे. १६१२ साली पोर्तुगीजांनी तो पुरा केला. 'आग्वा' म्हणजे पोर्तुगीज भाषेत पाणी, आणि आग्वाद म्हणजे जहाजांनी पाणी भरून घ्यावयाचे ठिकाण. लिस्बनहून निघून आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने चाललेले जहाज येथे पोहोचले की प्रथम गोड्या पाण्याकडे धाव घेई. किल्ल्याचे नाव एखाद्या राजावरून किंवा साधुपुरुषावरून न पडता पाण्यावरून पडावे, यातच त्या काळच्या दर्यावर्दी जीवनाची अर्धी हकीकत येऊन जाते.

चढण्यास उत्तम काळ म्हणजे पाऊस संपल्यानंतरचा, कार्तिक-मार्गशीर्षाचा. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावर धुरकट पडदा असतो आणि सड्यावरचा दगड चटके देतो. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि क्षितिज तर दिसतच नाही. दिवाळीनंतर मात्र हवा निवळते, वारा मंद असतो आणि गवत अजून पुरते वाळलेले नसते. आम्ही सिकेरीच्या पुळणीवरून वर निघालो. पुळणीच्या टोकाला किल्ल्याचा एक बुरूज थेट समुद्रात उतरला आहे. भरतीच्या लाटा त्याच्या चिऱ्यांवर आपटून परत फिरतात. तेथून मागे वळून टेकडीची चढण लागते. वाट अवघड मुळीच नाही. रमतगमत गेले तरी पाऊण तासात माथा गाठता येतो. सह्याद्रीतील गड चढलेल्यांना ही चढण म्हणजे अंगणातील पायरी वाटेल. तथापि ज्यांना थोडक्या श्रमात पुष्कळ पाहावयाचे आहे, त्यांच्यासाठी गोव्यात याहून बरी जागा आम्हांस ठाऊक नाही.

वाटेत पायाखाली सगळा जांभा दगड आहे. ताजा कापला की मऊ, वारा लागला की कठीण, आणि भोकाभोकांचा, म्हणून पाणी शोषणारा. किल्ला याच दगडाच्या चिऱ्यांनी बांधलेला आहे. जणू टेकडीनेच आपला काही भाग उचलून तटबंदीच्या रूपाने कडेला रचून ठेवावा. कडेला काजूची झाडे आणि करवंदीच्या जाळ्या, आणि माथ्यावर आले की एकदम मोकळा सडा. येथवर समुद्राचा आवाज ऐकू येतो, पण समुद्र दिसत नाही. तो दिसावयास तटाजवळ जावे लागते.

दरवाज्यातून आत गेल्यावर मोठे विस्तीर्ण पटांगण लागते. पुष्कळ जण ते ओलांडून थेट दीपस्तंभाकडे धावतात. पण आपण ज्यावर चालतो आहोत ते पटांगण नसून एका प्रचंड हौदाचे छत आहे, हे थोड्यांच्याच लक्षात येते. खाली सोळा खांबांवर तोललेला हा हौद सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी साठवीत असे, असे सांगतात. म्हणजे एक कोट लिटरांच्या वर. आमच्यातील एकाने लगेच हिशेब केला, की दररोज दहा हजार माणसांना माणशी पाच लिटर पाणी दिले तरी हा साठा दोनशे दिवसांहून अधिक पुरेल. आठ महिन्यांच्या कोरड्या ऋतूशी हा आकडा ताडून पाहावा. किल्ल्याच्या तोफा पाहून जे भय वाटत नाही, ते हा हिशेब केल्यावर वाटते. वेढा घालणाऱ्या शत्रूची तहान आधी लागते, आतल्या शिबंदीची नंतर.

आणि शत्रू आलाच होता. किल्ला मुळात उभारला गेला तो डच आरमाराच्या धास्तीने. १६३६ ते १६४४ या वर्षांत डच जहाजे दरसाल येऊन गोव्याचे तोंड अडवून बसत आणि पावसाळा जवळ आला की निघून जात. पुढे १७३९ साली मराठ्यांच्या फौजांनी बारदेश व्यापला. त्या वेळीही हा किल्ला आणि नदीच्या आतल्या अंगाचा रेइश मागुशचा किल्ला पोर्तुगीजांच्याच हाती राहिले. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ पासून १८१३ पर्यंत, येथे इंग्रजांच्या पलटणी होत्या. आमच्या विषयाशी या इतिहासाचा संबंध इतकाच, की दोन-अडीचशे वर्षे या माथ्यावरून माणसे एकच काम करीत होती. समुद्राकडे पाहत राहणे. शीड दिसले की ते मित्राचे की शत्रूचे, हे ओळखणे. दिवा नंतर आला. डोळा आधी होता.

पटांगणाच्या कडेला जो पांढरा, गोल, बुटका मनोरा आहे तो १८६४ सालचा दीपस्तंभ. ११२ वर्षे त्याने काम केले. १९७६ साली जवळच नवा दीपस्तंभ बांधला गेला आणि जुना निवृत्त झाला. जुन्याची उंची सुमारे १३ मीटर आहे. चार मजली घराएवढी. प्रथम पाहणाऱ्याची येथे निराशाच होते. चित्रांत पाहिलेले दीपस्तंभ उंच, सडपातळ असतात. हा तर एखाद्या जाड्या गृहस्थासारखा बसका. मुंबईच्या दक्षिण टोकाशी समुद्रात १८७५ साली बांधलेला प्राँग्जचा दीपस्तंभ चाळीस मीटरांहून उंच आहे. मग गोव्यासारख्या राजधानीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी एवढ्यावरच का भागविले? काटकसर म्हणून? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या भूमितीत आहे, आणि ते तेथेच उभे राहून सोडविण्यात जी मौज आहे ती फळ्यापुढे नाही.

पृथ्वी गोल आहे. आपल्या डोळ्यांपासून निघालेली दृष्टिरेषा समुद्राच्या पृष्ठभागाला जेथे नुसती स्पर्श करून जाते, तेथे आपले क्षितिज. म्हणजे ही रेषा वर्तुळाची स्पर्शिका झाली. स्पर्शबिंदूपाशी काढलेली त्रिज्या स्पर्शिकेशी काटकोन करते, हे आपण शिकलेलो आहोत. मग पृथ्वीचा मध्य, स्पर्शबिंदू आणि आपला डोळा यांचा काटकोन त्रिकोण तयार होतो. पायथागोरसचा सिद्धान्त लावला की कर्णाचा वर्ग, म्हणजे त्रिज्या अधिक आपली उंची यांच्या बेरजेचा वर्ग, हा त्रिज्येचा वर्ग आणि क्षितिजाच्या अंतराचा वर्ग यांच्या बेरजेइतका. दोन्हीकडचा त्रिज्येचा वर्ग जातो. उंचीचा वर्ग इतका क्षुल्लक, की तो सोडून दिला तरी चालतो. उरते ते हे: क्षितिजाच्या अंतराचा वर्ग म्हणजे पृथ्वीचा व्यास गुणिले आपली उंची. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून हे सोपे केले तर एक सुटसुटीत नियम मिळतो. उंची मीटरांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, त्यास ३·५७ ने गुणावे. आलेले उत्तर किलोमीटरांत.

आता खाली पुळणीवर उभ्या असलेल्या मुलाचे डोळे पाण्यापासून दीड मीटर उंचीवर आहेत असे धरू. त्याचे क्षितिज ४·४ किलोमीटरांवर संपते. अनंत वाटणारा समुद्र त्याच्यापुरता शाळेपासून पुढच्या गावाएवढाच! हाच मुलगा टेकडीवर आला आणि त्याचे डोळे समुद्रसपाटीपासून ८० मीटर उंचीवर आहेत असे मानले, तर त्याचे क्षितिज ३२ किलोमीटरांवर जाते. उंची त्रेपन्न पट वाढली, अंतर सातपटीहून थोडे अधिक. नियमात वर्गमूळ आहे म्हणून असे होते. अंतर दुप्पट हवे तर उंची चौपट केली पाहिजे. वीस मीटरांवरून १६ किलोमीटर दिसते. ३२ पाहण्यासाठी ऐंशी मीटर चढावे लागतात.

मनोरा बुटका का, हे आता कळेल. १३ मीटरांचा मनोरा सपाट पुळणीवर उभा केला असता तर त्याच्या दिव्याचे क्षितिज १३ किलोमीटरांच्या आतच राहिले असते. तोच माथ्यावर उभा केला, आणि दिवा ८० मीटरांवर आला असे धरले, तर ते ३२ किलोमीटर झाले. या ३२ पैकी २९ किलोमीटर एकट्या टेकडीची कमाई आहे. मनोऱ्याने तीन किलोमीटरांचीसुद्धा भर घातलेली नाही. तो आणखी दुप्पट उंच बांधला असता तरी फार तर तेवढीच भर पुन्हा पडती. प्राँग्जला टेकडी नाही, खडक पाण्यात आहे, म्हणून तेथे सगळी उंची दगड रचूनच मिळवावी लागली. गवंड्याने जे तेथे केले ते येथे निसर्गाने आधीच करून ठेवले होते. (हवेतील वक्रीभवनामुळे दृष्टिरेषा किंचित वाकते आणि ही सारी अंतरे सुमारे बाराव्या हिश्श्याने वाढतात, पण आपल्या हिशेबास तो सूक्ष्मपणा नको.)

येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी, कारण आमच्या मते या टेकडीवर शिकण्यासारखी मुख्य गोष्ट तीच आहे. दृष्टिरेषेला दोन टोके असतात. येथून जेथपर्यंत समुद्र दिसतो, तेथपर्यंतच्या समुद्रावरून हा दिवा दिसतो. एक तसूभर कमी नाही की अधिक नाही. आपण वर चढून ज्याला 'देखावा' म्हणतो, तोच रात्री दीपस्तंभाचा पल्ला असतो. फरक इतकाच, की खलाशाचा डोळाही पाण्यापासून काही उंचीवर असतो. लहानशा होडक्याच्या डेकवर पाच मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाचे स्वतःचे क्षितिज ८ किलोमीटरांवर असते. ते ३२ मध्ये मिळवले म्हणजे ४० किलोमीटरांवर, सुमारे २१ सागरी मैलांवर, दिव्याचा पहिला ठिपका त्याला क्षितिजावर दिसू शकतो. अर्थात दिवा तेवढा प्रखर असला आणि हवा स्वच्छ असली तर. दिव्याची प्रखरता हा निराळा विषय आहे. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआनच्या दीपगृहात फ्रेनेल या शास्त्रज्ञाचे भिंग प्रथम बसले. जाडजूड भिंगाऐवजी काचेची वलये रचून चोहीकडे उधळला जाणारा प्रकाश एका दिशेच्या झोतात गोळा करण्याची ही युक्ती होती, आणि तिच्यामुळे तेलाच्या वातीचा उजेडही कोसांच्या कोस जाऊ लागला. परंतु फ्रेनेलच्या भिंगालाही पृथ्वीची गोलाई ओलांडता आली नाही. प्रकाश कितीही वाढवावा, उंची नसेल तर तो समुद्राच्या फुगवट्याआडच राहणार.

हे ध्यानात ठेवून तटावर उभे राहावे आणि सभोवार पाहावे. देखाव्याला एकदम अर्थ येतो. उत्तरेस कांदोळी, कळंगुट, बागा अशी एकच सलग पुळण कोयत्याच्या पात्यासारखी वाकत गेली आहे आणि हणजुणच्या बाजूच्या डोंगराशी थांबली आहे. दक्षिणेस मांडवीचे रुंद मुख, त्यापलीकडे काबचे टोक. १५९४ पासून तेथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता, पुढे ते राज्यपालांचे निवासस्थान झाले. त्याहून दूर जुवारीचे मुख ओलांडून मुरगावचे भूशिर आणि बंदरात उभी असलेली जहाजे. आग्नेयेस मिरामारची वाळू आणि पणजीची घरे. पूर्वेस नेरूलची खाडी, माड, मिठागरांच्या आणि खाजणांच्या चौकटी, आणि हवा फारच निवळ असेल तर अगदी मागे सह्याद्रीची निळसर रेघ. ती ३२ किलोमीटरांच्या पलीकडे असूनही दिसते. का? तिचे माथे आठशे मीटर उंच आहेत असे धरून नियम लावून पाहावा; त्यांचे स्वतःचे क्षितिज शंभर किलोमीटरांवर निघते.

पश्चिमेस काहीच नाही. आम्ही नकाशावर पट्टी ठेवून पाहिले. येथून सरळ पश्चिमेस निघाले तर दोन हजार किलोमीटरांहून अधिक पाणी ओलांडून अरबस्तानात येमेनचा किनारा लागतो. त्यातील पहिले बत्तीस किलोमीटर तेवढे आपल्या डोळ्यांचे.

मांडवीच्या मुखाकडे नीट पाहिल्यास पाण्याचा रंग एका पट्ट्यात बदललेला दिसतो. हा वाळूचा उंचवटा. दरवर्षी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर तो माजतो, लाटा त्यावर फुटू लागतात आणि मांडवीची वाट मोठ्या नावांना बंद होते. खनिज वाहणारे पडाव अशा वेळी कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरून मुरगाव गाठत आले आहेत. गोव्याच्या जुन्या राजधानीलाही पावसाळ्यात हीच अडचण होती. शत्रूच्या जहाजांना वाळू आणि वारा अडवीत असत, पण स्वकीयांनाही ते सोडीत नसत.

दिवा असला म्हणून अपघात टळतातच असे नाही, याचा पुरावाही याच तटावरून पुष्कळ वर्षे दिसत होता. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचे मोठे खनिजवाहू जहाज पावसाळी समुद्रात भरकटून सिकेरी-कांदोळीच्या पुळणीपाशी वाळूत रुतले. ते हलविता हलविता बारा वर्षे गेली. तोवर गंजलेला सांगाडा तेथेच होता आणि त्याच्या आडोशाने लाटांची दिशा बदलून किनाऱ्याची वाळू वाहून जात होती. एवढा थोरला दीपस्तंभ हाकेच्या अंतरावर असून हे घडले. दिवा जमीन कोठे आहे ते सांगतो. जहाजाला धरून ठेवणे त्याच्या हाती नाही.

किल्ल्याची आणखी एक आठवण पणजीत आहे. पणजीच्या चर्चच्या मनोऱ्यात जी भली मोठी घंटा टांगली आहे, ती मूळ जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या मठाची. तो मठ ओस पडल्यावर १८४१ पासून १८७१ पर्यंत ती आग्वादच्या किल्ल्यावर होती. म्हणजे दीपस्तंभ आणि ही घंटा यांनी सात वर्षे शेजार केला. पणजीच्या मुलांनी तिचा नाद ऐकताना एकदा मुखापलीकडच्या या टेकडीकडे पाहावे.

आता पायथ्याविषयी. माथ्यावरचा देखावा पाहून येणारे पुष्कळ लोक पायथ्याकडील भाग न पाहता परततात. आमच्या मते ही मोठी उणीव होय. नदीच्या बाजूस, अगदी पाण्यालगत, किल्ल्याचा जो खालचा भाग आहे तेथे तुरुंग होता. पोर्तुगीज राजवटीत, विशेषतः सालाझारच्या अमदानीत, गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्यांना येथे डांबून ठेवीत. १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना येथेच कोंडले होते. पुढे लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून त्यांची पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात रवानगी केली. तोही समुद्रकाठचाच किल्ला. डॉ. राममनोहर लोहिया यांनाही त्याच वर्षी आग्वादला ठेवले होते. वरच्या दिव्याचा झोत या कोठड्यांच्या डोक्यावरून समुद्रावर जात असे. ज्या टेकडीवरून बत्तीस किलोमीटर दिसते, तिच्याच पायथ्याशी माणसांना भिंतीपलीकडचे पाऊलभर पाणी दिसू नये अशी व्यवस्था होती. आपण वर मोजलेले आकडे खाली येऊन पुन्हा एकदा मनाशी म्हणावेत.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आले तेव्हा बेतीपर्यंत पोहोचलेल्या तुकडीस आग्वादला राजबंदी आहेत असे कळले. त्यांच्या सुटकेसाठी मेजर शिवदेवसिंग सिधू काही जवानांसह किल्ल्याकडे निघाले. किल्ल्यातील शिबंदीस शरणागतीचा हुकूम अद्याप मिळाला नव्हता. तिने गोळीबार केला, आणि मेजर सिधू व कॅप्टन विनोद सेहगल धारातीर्थी पडले. चाळीस किलोमीटरांवरच्या जहाजास ज्या टेकडीवरून 'जमीन येथे आहे' एवढे सांगता येत होते, तेथे नदीपलीकडील राजधानीतला एक निरोप वेळेवर आला नाही. हा तुरुंग पुढेही चालू राहिला. २०१५ मध्ये कैदी अन्यत्र हलविले गेले आणि डिसेंबर २०२१ पासून तेथे स्वातंत्र्यलढ्याचे संग्रहालय आहे. सहल काढणाऱ्या शिक्षकांनी त्यासाठी निदान तास-दीड तास राखून ठेवावा. आम्ही शिदोरी सोडण्यापूर्वी ते पाहिले. नंतर बराच वेळ मुले फारशी बोलली नाहीत.

सायंकाळी एक प्रयोग केला. तो कोणत्याही शाळेस करता येण्याजोगा आहे म्हणून तपशिलाने देतो. उंचावर उभे राहिले की क्षितिज केवळ दूर जात नाही. ते आपल्या डोळ्यांच्या समपातळीपासून खालीही जाते. ऐंशी मीटरांवरून ही घसरण सुमारे १७ मिनिटे भरते. ही मिनिटे घड्याळाची नव्हेत, एका अंशाची साठ मिनिटे होतात तशी कोनाची. सूर्यबिंबाच्या रुंदीच्या निम्म्याहून किंचित अधिक. पुळणीवरच्या मुलासाठी ती जेमतेम अडीच मिनिटे आहे. म्हणजे खालच्यासाठी सूर्य बुडाला तरी वरच्यासाठी त्याला अजून कोनाची पंधरा मिनिटे खाली जावयाचे असते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. तासाला १५ अंश, आणि घड्याळाच्या एका मिनिटाला कोनाची १५ मिनिटे. तेव्हा टेकडीवरच्या माणसास सूर्यास्त पुळणीवरच्या माणसापेक्षा सुमारे एक मिनिट उशिरा दिसला पाहिजे. याच घसरणीच्या कोनावरून अल्-बेरूनीने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर उभे राहून पृथ्वीची त्रिज्या काढली होती. ती आजच्या आकड्याच्या फारच जवळ होती.

आमच्या दोन तुकड्या झाल्या. एक सिकेरीच्या वाळूवर थांबली, दुसरी वर सड्याच्या पश्चिम कडेला बसली. किल्ल्याचे दार सायंकाळी बंद होते, म्हणून जागा तटाबाहेरची घेतली. उंची साधारण तीच. दोन्हीकडच्या शिक्षकांनी आपल्या भ्रमणध्वनींतील घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून घेतली होती. सूर्य लालभडक व निस्तेज होईपर्यंत कोणीही त्याच्याकडे टक लावून पाहू नये, अशी सक्त ताकीद होती; ती येथेही देऊन ठेवतो, कारण डोळ्यांस झालेली इजा भरून येत नाही. बिंबाची वरची कड पाण्याखाली गेली त्या क्षणी प्रत्येक तुकडीने वेळ लिहून ठेवली. खाली आल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा फरक मिनिटाच्या आसपासच निघाला. काही सेकंदांवरून वाद झाला खरा. एकीने बिंब 'गेले' असे आधी म्हटले, दुसरीने नंतर, असा तो वाद. शास्त्रात असे वाद होतच असतात. सूर्य तिरका मावळतो म्हणून हिशेबात थोडी वाढ होते, आणि वक्रीभवनाने थोडी घट होते, हेही मुलांनीच शोधून काढले. क्षितिजाशी ढगांची पट्टी असेल तर मात्र हा प्रयोग त्या दिवशी सोडून द्यावा. ढगाची कड म्हणजे समुद्राची कड नव्हे.

सूर्य गेल्यानंतर अर्धा तास थांबणे शक्य असेल तर अवश्य थांबावे. विजेऱ्या बरोबर असाव्यात आणि उतरताना रस्ता सोडून आडवाटेस जाऊ नये. प्रथम पुळणीवरचे दिवे लागतात, मग मुरगावच्या बंदरातले, मग समुद्रात पसरलेल्या मासेमारीच्या होड्यांचे एकेक टिपके. जूनजुलैच्या एकसष्ट दिवसांच्या बंदीच्या काळात हे टिपके दिसत नाहीत आणि समुद्र फार ओका वाटतो, असे किनाऱ्यावरची माणसे सांगतात. मग आपल्या माथ्यावर नव्या दीपस्तंभाचा दिवा फिरू लागतो. प्रत्येक दीपस्तंभाच्या उघडझापीचा ठेका ठरलेला असतो आणि तो खलाशांच्या पुस्तकात नोंदलेला असतो. दूरवरून मनोरा दिसत नाही, किल्ला दिसत नाही, पण ठेका मोजला की हा आग्वाद की दुसरा कोणता ते कळते. अंधारात उच्चारलेले नावच म्हणा ना. आग्वादचा ठेका किती सेकंदांचा, हे आम्ही तिघांनी स्वतंत्रपणे तीन-तीनदा मोजले आणि सरासरी काढली. तो आकडा येथे मुद्दामच छापीत नाही. पुढच्या वर्षी जी तुकडी जाईल तिने आपला आकडा वर्गाच्या वहीत लिहावा. आमचा तेथे पहिल्या पानावर घडी घालून ठेवला आहे.